बाप कर्जात, पोरगा घोड्यावर: जुन्या ग्रीक कॉमेडीतलं जुन्या-नव्याचं भांडण

रात्र आहे, सगळं घर झोपलंय आणि एका म्हाताऱ्याला काही केल्या झोप लागत नाही. कूस बदलतोय, उठून बसतोय, परत आडवा होतोय. शेजारी त्याचा तरुण मुलगा पाच पांघरुणं गुंडाळून ढाराढूर झोपलाय आणि झोपेतसुद्धा घोड्यांच्या शर्यतीचं बडबडतोय, अरे चीटिंग करतोयस, आपल्या पट्ट्यातून पळव! शेवटी म्हातारा नोकराला हाक मारून दिवा आणि हिशेबाची वही मागवतो आणि कुणाचं किती देणं आहे ते वाचायला लागतो. एका घोड्याचे १२ मिना. छोट्या रथाचे आणि चाकांचे ३ मिना. तेवढ्यात दिव्यातलं तेल संपत येतं, तर तो नोकरावर खेकसतो की एवढी जाड वात कशाला घातलीस, सगळं तेल पिते ती.

एक मिना म्हणजे १०० ड्राखमा, आणि त्या काळात अथेन्समधल्या चांगल्या कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक ड्राखमा. म्हणजे पोराच्या एका घोड्यासाठी बापानं १,२०० दिवसांच्या मजुरीइतकं कर्ज काढलंय, तीन वर्षांहून जास्त, आणि तोच बाप वातीला किती तेल लागतं यावरून नोकराला बोलतोय. मला हा सीन फार आवडतो, कारण घरातली सगळी ओढाताण त्या एका दिव्याच्या वातीत दिसते.

हे ॲरिस्टोफेनिस या ग्रीक कॉमेडीकाराचं ‘ढग’ नावाचं नाटक, इ.स.पू. ४२३ मध्ये अथेन्सला, ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या थिएटरमध्ये, उत्सवातल्या नाटकांच्या स्पर्धेत झालेलं. बापाचं नाव स्ट्रेप्सियाडीस, मुलाचं फिडिपिडीस. नावं अवघड आहेत, पण मुलाच्या नावाचीच एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याही मराठी घरात लगेच कळेल. बाप गावाकडचा, शेतकरी, मधमाश्या, मेंढ्या आणि ऑलिव्हवाला. बायको शहरातली, अगदी बड्या घराण्यातली. तो सांगतो की लग्नाच्या रात्री माझ्या अंगाला ताजी वाइन, चीज आणि लोकरीचा वास येत होता आणि तिच्या अंगाला अत्तराचा आणि केशराचा. मुलगा झाला तेव्हा नावावरून भांडण. तिला नावात ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा पाहिजे, कारण घोडे पाळणं हे श्रीमंतांचं लक्षण. त्याला आजोबांचं नाव ठेवायचंय, फिडोनिडीस, ज्यात काटकसरीचा अर्थ आहे. बरेच दिवस भांडून शेवटी तडजोड, फिडिपिडीस. अर्धा काटकसरी, अर्धा घोडा. आई त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, मोठा झालास की झगा घालून रथ हाकत शहरात येशील, बाप म्हणायचा, मोठा झालास की बापासारखं कातडं पांघरून बकऱ्या हाकत आणशील. पोरानं कुणाचं ऐकलं ते वहीत लिहिलेलंच आहे.

आता हे सगळं त्याच काळात स्टेजवर का येत होतं ते बघू, कारण त्याशिवाय ही नाटकं नुसती फार्स वाटतात.

इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टाचं मोठं युद्ध सुरू झालं. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीसनं ठरवलं की जमिनीवर स्पार्टाशी लढायचं नाही, गावाकडच्या लोकांनी शेतं सोडून शहराच्या तटबंदीच्या आत यायचं. लोक आले, जागा मिळेल तिथे राहिले, आणि पुढच्याच वर्षी प्लेगची साथ आली, खुद्द पेरिक्लीससुद्धा ४२९ मध्ये त्यातच गेला असं धरतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऑलिव्हच्या झाडांवर जगलेला माणूस एकदम शहरात, जिथे चालते फक्त जीभ. कारण अथेन्सच्या कोर्टात वकील नव्हते, आपली केस आपणच उभं राहून मांडायची, समोर शेकडो ज्युरी, आणि जो चांगला बोलतो तो जिंकतो. सभेतसुद्धा तेच. त्यामुळे बोलायला शिकवणाऱ्यांची चलती झाली. सोफिस्ट म्हणतात ते हेच लोक, बहुतेक बाहेरगावचे, भरपूर फी घेणारे. प्रोटागोरस त्यातला सगळ्यात नावाजलेला, आणि ४२७ मध्ये सिसिलीहून गोर्जियास आला तर त्याचं भाषण ऐकून अथेन्स थक्क झालं. या लोकांची एक ख्याती अशी होती की ते दुबळी बाजू बळकट करून दाखवायला शिकवतात. ही ओळ लक्षात ठेवा, ‘ढग’ या नाटकाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

तर कर्जबाजारी बापाच्या डोक्यात येतं की शेजारी सॉक्रेटिसची विचारशाळा आहे, तिथे पैसे दिले की खोटी बाजूही जिंकून सुटायची विद्या शिकवतात, ती शिकलो तर सावकारांना एक पैसा द्यावा लागणार नाही. मुलगा आधी नाही म्हणतो, त्या पांढऱ्याफटक अनवाणी लोकांत जाऊन मित्रांना तोंड कसं दाखवू. मग बाप स्वतःच जातो. आत बघतो तर पिसू एका उडीत किती पावलं जाते ते मोजायला तिचे पाय मेणात बुडवून तिच्यासाठी बूट केलेत, काही विद्यार्थी वाकून जमिनीत बघतायत आणि तेव्हाच त्यांचं बूड वर आकाशाचा अभ्यास करतंय, आणि गुरू सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतोय. जगाचा नकाशा दाखवतात तर म्हातारा विचारतो स्पार्टा कुठंय, हे इथे, म्हणतात. एवढं जवळ? मग विचार करून करून त्याला आमच्यापासून लांब सरकवा ना! हसू येतं, पण थिएटरात बसलेल्यांची शेतं स्पार्टानं खरोखर जाळलेली होती, हे लक्षात घेऊन ती ओळ परत वाचा.

म्हाताऱ्याला शिकवलेलं काही आठवत नाही. कर्ज बुडवायची त्याची आयडिया अशी की थेसलीची एखादी चेटकीण विकत घ्यायची, तिच्याकडून रात्री चंद्र खाली उतरवून डब्यात बंद करून ठेवायचा, कारण व्याज महिन्यावर चढतं आणि चंद्रच उगवला नाही तर महिना कसा होणार! शेवटी त्याला हाकलतात आणि तो मुलालाच बळजबरीनं पाठवतो. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. मुलगा नव्या शिक्षणाकडे आपणहून गेलेला नाही. बापानं ढकललाय, आणि तेही पैसे बुडवण्यासाठी.

मग येतो तो सीन ज्यासाठी हे नाटक ओळखलं जातं. दोन पात्रं समोरासमोर येतात, एक बळकट बाजू, एक दुबळी बाजू. माणसं म्हणून, अगदी हमरीतुमरीवर. बळकट बाजू म्हणजे जुनं शिक्षण, दुबळी म्हणजे नवं. आणि बळकट बाजू सुरू होते, आमच्या वेळी. आमच्या वेळी पोरांचा आवाज ऐकू यायचा नाही, एका आळीची सगळी पोरं ओळीत गाण्याच्या मास्तरांकडे चालत जायची, भरड्या पिठासारखा बर्फ पडत असला तरी अंगावर पांघरूण न घेता, बापजाद्यांची चाल होती त्याच चालीत गाणं म्हणायची, कुणी नव्या फॅशनच्या हरकती घेतल्या तर मार खायची. जेवताना मुळ्याला मोठ्यांच्या आधी हात लावायचा नाही, खिदळायचं नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही, मोठी माणसं आली की जागा सोडून उठायचं. याच शिस्तीतून मॅरेथॉनचे वीर तयार झाले.

मॅरेथॉनची लढाई, अथेन्सनं पर्शियन सैन्याला हरवलं ती, इ.स.पू. ४९० ची. नाटकाच्या वेळी तिला ६७ वर्षं झालेली, म्हणजे ती लढलेला माणूस जिवंत असला तर नव्वदीच्या आसपासचा. तरी अथेन्समध्ये जुनं चांगलं म्हटलं की मॅरेथॉन. प्रत्येक समाजाचं असं एक ठिकाण असतंच बहुतेक, जिथे लढलेले सगळे शूर आणि त्यानंतर जन्मलेले सगळे लेचेपेचे.

पण त्याच भाषणात एक खरोखर सुंदर तुकडा आहे. बळकट बाजू मुलाला सांगते की माझं ऐकलंस तर तू बाजारात टवाळक्या करत फिरणार नाहीस, तू अकॅडमीच्या बागेत जाशील, पवित्र ऑलिव्हच्या झाडांखाली एखाद्या समंजस मित्राबरोबर पळशील, डोक्यावर पांढऱ्या बोरूचा मुकुट, अंगाला वेलींचा आणि निवांतपणाचा वास, वसंत ऋतूत, जेव्हा चिनार एल्मच्या कानात कुजबुजतो. निवांतपणाचा वास! आठ वर्षं युद्ध चाललेल्या, गर्दीनं आणि साथीनं पिळून निघालेल्या शहरात हे ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल. जुन्या मूल्यांची ओढ म्हणजे बरेचदा एखाद्या नियमापेक्षा अशा एका संध्याकाळची ओढ असते, आणि ॲरिस्टोफेनिसला ते नेमकं कळलेलं होतं.

इथपर्यंत वाचलं की वाटतं नाटककार जुन्यांच्या बाजूचा. पुस्तकांतही त्याला सनातनी, जुन्या विचारांचा असं लेबल लावलेलं सापडतं. मला ते अर्धंच पटतं, कारण पुढे काय होतं बघा.

एक तर ही बळकट बाजू बोलता बोलता पोरांच्या कोवळ्या अंगाचं वर्णन करण्यात एवढी रमते की संयमाचं लेक्चर देणाऱ्याची नजर कुठे आहे ते सगळ्या थिएटरला दिसतं. पोरं तालमीतून उठताना वाळू सारखी करायची, म्हणजे त्यांच्या बसण्याचा ठसा मागे राहू नये आणि कुणा आशिकाच्या मनात काही येऊ नये, हेसुद्धा तीच सांगते. जुन्या शिस्तीच्या आत काय दडलंय ते तिच्याच तोंडून बाहेर येतं.

आणि दुसरं म्हणजे ती हरते. दुबळी बाजू एकेक मुद्दा उचलते आणि पुराणातलेच दाखले देऊन पाडते. गरम पाण्यानं आंघोळ केली की माणूस नेभळट होतो म्हणतोस, मग सगळ्यात मोठा वीर कोण, हेराक्लीस, आणि गरम पाण्याच्या झऱ्यांना नाव कुणाचं, हेराक्लीसचंच ना? संयमानं कुणाचं भलं झालं सांग. बळकट बाजू म्हणते पेलेउसचं, त्याला देवांनी चाकू दिला आणि थेटिससारखी देवी बायको म्हणून मिळाली. दुबळी म्हणते हो, आणि मग ती त्याला सोडून गेली, कारण रात्री त्याच्यात काही दम नव्हता. मग शेवटचा घाव, एक अश्लील शिवी घेऊन ती विचारते की कोर्टात बोलणारे या असल्यांतलेच की नाही, शोकांतिका लिहिणारे, पुढारी, आणि आता समोर बघ, प्रेक्षकांत जास्त कोण आहेत? बळकट बाजू प्रेक्षकांकडे नीट बघते, म्हणते, जास्त तसलेच आहेत देवा शपथ, हरलो मी, आणि अंगावरचा झगा फेकून पळते आणि त्यांच्याच बाजूला जाऊन मिळते.

हे बाहेरून कुणी केलेलं टीकाकाराचं भाषण नाही, हे भर उत्सवात हजारो लोकांच्या तोंडावर म्हणायला लिहिलंय, आणि तेच लोक स्पर्धेचा निकाल लावणाऱ्या पंचांच्या आजूबाजूला बसणार.

मुलगा शिकून तयार होतो, बाप खूश, सावकारांना हाकलून देतो, जेवण घालतो. आणि जेवणातच भांडण पेटतं. बाप म्हणतो, लायर (तारांचं वाद्य) घे आणि सिमोनिडीस या जुन्या कवीचं गाणं म्हण. मुलगा म्हणतो, पिताना गाणी म्हणायची पद्धत आता जुनाट झाली, जव दळत बसलेली बाई गाते तसं वाटतं ते. आपल्याकडे ज्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्यात त्यांना या वाक्यात काय तुच्छता भरलीय ते वेगळं सांगायला नको. बरं, म्हणतो बाप, निदान जुन्या पिढीतल्या एस्किलसच्या शोकांतिकांतलं काहीतरी म्हण. मुलगा म्हणतो, तो नुसता गडगडाट करणारा, ओबडधोबड, बाता मारणारा. बाप राग गिळून म्हणतो, मग तुमच्या या नव्या लोकांचंच काहीतरी म्हण. आणि मुलगा युरिपिडीस या नव्या शोकांतिकाकाराच्या नाटकातलं एका भावाचं सख्ख्या बहिणीशी असलेल्या संबंधांचं भाषण म्हणायला लागतो. अथेन्समध्ये बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर लग्न चालायचं, पण एका आईच्या पोटची म्हणजे घोर पाप. बाप उसळतो, शब्दाला शब्द वाढतो, आणि मुलगा बापाला मारतो.

बाप पळत बाहेर येतो आणि जे बोलतो ते मला या सगळ्या नाटकातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं वाटतं. अरे निर्लज्जा, मी तुला वाढवलं, तू बोबडं काय म्हणतोस ते मला कळायचं. तू ‘बृ’ म्हणालास की मी पाणी द्यायचो. ‘मम्मान’ म्हणालास की भाकरी आणायचो. आणि ‘काक्का’ म्हणायच्या आत उचलून दाराबाहेर नेऊन धरायचो. ग्रीक पोरगं मम्मान म्हणतं, आपलं मंमं म्हणतं, अडीच हजार वर्षं आणि एवढा समुद्र मध्ये असून खाण्यासाठी बाळाच्या तोंडात जवळपास तोच शब्द.

मुलाकडे उत्तर तयार असतं. मी लहान असताना तू मला मारायचास की नाही? हो, तुझ्या भल्यासाठी, काळजीपोटी. मग म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, मलाही तुझी काळजी आहे, मी का मारू नये? कायदा आडवा येतो? कायदा करणारा तुझ्यामाझ्यासारखाच माणूस होता, त्यानं लोकांना पटवलं, मी नवा कायदा करून पटवीन. कोंबडे बघ, बापावर धावून जातातच की. बाप म्हणतो, मग कोंबड्यासारखं शेणही खा आणि दांडीवर झोप. पण गंमत अशी की एका क्षणी बापाला मुलाचं पटतं, तो आपल्या वयाच्या प्रेक्षकांना सांगतोसुद्धा की हा बरोबर बोलतोय. मुलगा पुढे म्हणतो की आता आईलाही मारीन, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात.

आणि आता ढगांचा कोरस, म्हणजे ढग झालेला नाचत-गात बोलणारा समूह, चोवीस जण, ज्यांना तो देवी मानत होता, त्यांना तो विचारतो की तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं. ते म्हणतात, वाईटाकडे तू स्वतःच वळलास, आम्ही अशा माणसाला खड्ड्यात पडेपर्यंत जाऊ देतो, म्हणजे तो देवांना भ्यायला शिकतो. आणि तो कबूल करतो, चूक माझीच, घेतलेले पैसे बुडवायला नको होते. मला वाटतं इथे नाटकानं आपला पत्ता उघड केलाय. जुनी मूल्यं नव्या शिक्षणानं बिघडवली असं म्हणायला बाप मोकळा नाही, कारण घेतलेलं कर्ज फेडायचं हे तर सगळ्यात जुनं मूल्य, आणि ते पहिल्यांदा त्यानंच सोडलं. नवं घरात शिरलं ते जुन्यानं लोभापायी दार उघडलं म्हणून.

तरी शेवटी तो काय करतो, नोकराला छपरावर चढवून विचारशाळाच जाळतो. कळूनसुद्धा राग दुसऱ्यावरच निघतो.

आता सॉक्रेटिसबद्दल थोडं बोलायलाच हवं. खरा सॉक्रेटिस फी घेत नव्हता, कोर्टात जिंकायला शिकवत नव्हता, सोफिस्टांशी त्याचं जन्मभर वाजलं. नाटकात मात्र आकाशाचा अभ्यास करणारे, देव न मानणारे, भाषण शिकवणारे असे सगळे नवे लोक एका माणसात कोंबलेत, कारण त्याचा चेहरा आख्ख्या शहराला ओळखीचा. २४ वर्षांनी, ३९९ मध्ये, देवांना न मानणं आणि तरुणांना बिघडवणं या आरोपांवर त्याला मृत्युदंड झाला. प्लेटोनं लिहिलेल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस सांगतो की आज समोर आहेत त्या आरोप करणाऱ्यांपेक्षा मला जुन्यांची भीती जास्त आहे, तुम्ही लहान होता तेव्हापासून ते तुमच्या कानात भरवतायत, आणि त्यात तो ॲरिस्टोफेनिसच्या नाटकाचं नाव घेतो, ज्यात कुणी सॉक्रेटिस हवेत फिरताना दाखवलाय. एका नाटकानं माणूस मारला असं म्हणणं जास्त होईल, मध्ये युद्धातला पराभव होता, हुकूमशाही होती, बरंच काही होतं. पण त्या हसण्याची किंमत शून्य होती असंही मला म्हणवत नाही. आणि तोच प्लेटो दुसऱ्या एका लिखाणात या दोघांना एका मेजवानीत पहाटेपर्यंत बरोबर पिताना दाखवतो, सोबत फक्त यजमान ॲगॅथॉन, बाकीचे झोपलेले किंवा गेलेले, आणि सॉक्रेटिस समजावतोय की कॉमेडी आणि शोकांतिका एकाच माणसाला लिहिता आली पाहिजे.

पुढच्याच वर्षी, ४२२ मध्ये, ॲरिस्टोफेनिसनं ‘गांधीलमाश्या’ आणलं आणि त्यात सगळं उलटं केलं. इथे बाप बिघडलेला आणि मुलगा शहाणा. बापाला कोर्टात ज्युरी म्हणून बसायचं व्यसन, रोजचे ३ ओबोल, म्हणजे अर्धा ड्राखमा, मिळतात आणि लोकांना शिक्षा ठोठावायला मिळते. दरवर्षी ६,००० ज्युरी निवडले जायचे आणि म्हाताऱ्यांना तो मोठा आधार होता. मुलगा घराला जाळं लावून बापाला कोंडतो, तर बाप धुराड्यातून वर येतो, कोण आहे विचारलं तर म्हणतो, मी धूर आहे. मग मुलगा घरातच कोर्ट भरवतो, चीज चोरलेल्या कुत्र्यावर खटला. नंतर तो बापाला मॉडर्न बनवायला जातो, इंपोर्टेड पर्शियन कोट घालतो, पार्टीत कसं लोळायचं, काय बोलायचं ते शिकवतो. बाप पार्टीत पिऊन सगळ्यांचा अपमान करतो, येताना लोकांना मारतो, आणि एका बासरीवालीला पळवून आणून तिला सांगतो, मी अजून लहान आहे ग, पैसे माझ्या हातात नाहीत, माझा मुलगा फार कडक आहे, तो मेला की तुला सोडवीन. वयस्कर बाप मुलावर अवलंबून झाला की काय होतं ते या दोन ओळींत आहे, आणि इथे नवा माणूस चांगला असूनही जुन्याला आपल्या साच्यात घालू शकत नाही.

‘बेडूक’ या नाटकात भांडण घराबाहेर पडून थेट पाताळात जातं. साल ४०५, युरिपिडीस आदल्या वर्षी वारलेला, सोफोक्लीस हा दुसरा मोठा शोकांतिकाकारही नुकताच गेलेला, युद्ध हरायच्या बेतात. नाटकाचा देव डायोनिसस एक चांगला कवी परत आणायला पाताळात उतरतो आणि तिथे एस्किलस विरुद्ध युरिपिडीस असा सामना लागतो. एस्किलस म्हणतो, लहान पोरांना मास्तर शिकवतात, मोठ्यांना कवी, मी लोकांना लढायला तयार केलं आणि तू नको त्या प्रेमाच्या भानगडी स्टेजवर आणल्यास. युरिपिडीस म्हणतो, मी बायकांना, नोकरांना, म्हाताऱ्यांना बोलायला लावलं, हे लोकशाहीचंच काम केलं, लोकांना घरातल्या गोष्टींवर विचार करायला शिकवलं. त्यावर डायोनिसस म्हणतो, हो तर, आता प्रत्येक जण घरी येऊन ओरडतो, माझं भांडं कुठंय, माश्याचं डोकं कुणी खाल्लं, कालचा लसूण कुठे गेला! मग तराजू आणून दोघांच्या ओळी पारड्यात टाकून तोलतात. निवडायची वेळ आली तेव्हा देव अडतो, एक मला शहाणा वाटतो आणि दुसऱ्याचं ऐकायला मजा येते, म्हणतो. कोण कुठला ते सांगत नाही. शेवटी एस्किलसला नेतो. जुनं जिंकतं, पण ज्या माणसानं युरिपिडीसच्या एवढ्या ओळी तोंडपाठ असल्यासारख्या वापरल्यात त्याला तो आवडत नव्हता हे मी तरी मानणार नाही. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि पुढच्याच वर्षी, ४०४ मध्ये, अथेन्स स्पार्टाला शरण गेलं.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती स्टेजवरची नसून स्वतः ॲरिस्टोफेनिसची गोष्ट. ४२४ मध्ये, विशीतल्या वयात, त्यानं एका नाटकात क्रॅटिनस नावाच्या म्हाताऱ्या कॉमेडीकाराची कीव करत टर उडवली होती. एके काळी हा नदीसारखा वाहायचा, ओकची झाडं उपटून न्यायचा, आता जुन्या वाद्यासारख्या खुंट्या गळाल्यात, तारा सैल झाल्यात, वाळलेला हार घालून तहानेनं मरत फिरतोय, याला मागच्या विजयांसाठी फुकट प्यायला द्या असं काहीसं. भर उत्सवात, एका वडीलधाऱ्याबद्दल. म्हणजे जुन्याचा मान राखा म्हणणाऱ्याचंच हे वागणं.

क्रॅटिनसनं पुढच्या वर्षी नाटक उतरवलं, ‘सुरई’. त्यात हीरो तो स्वतः. त्याची बायको कॉमेडी, ती घटस्फोट मागतेय कारण नवरा दारूच्या नादी लागलाय, आणि मित्र विचार करतायत की याचे माठ फोडावेत का. तरुण पोरानं जी शिवी दिली तीच उचलून त्यानं तिचं नाटक केलं. तो उत्सव होता ४२३ चा, ज्यात ‘ढग’ झालं. पहिला नंबर क्रॅटिनस. दुसरा अमेप्सियास नावाचा नाटककार. तिसरा ॲरिस्टोफेनिस.

त्याला ते फार लागलं. ‘गांधीलमाश्या’मध्ये त्यानं प्रेक्षकांना सुनावलं की मी नव्या कल्पना पेरल्या आणि तुम्ही त्या वाया घालवल्या. मग ‘ढग’ परत लिहायला घेतलं, त्यात कोरसच्या तोंडून स्वतःविषयी सांगितलं की माझं सगळ्यात हुशार नाटक हेच, आणि मी दर वेळी काहीतरी नवं आणतो. नवं आणतो, हे तो अभिमानानं म्हणतोय. आणि क्रॅटिनसला हे आधीच दिसलेलं होतं बहुतेक. त्यानं एक शब्द बनवला होता, त्या काळातल्या फार शहाणं, फार तासून बोलणाऱ्यांसाठी, युरिपिडीस आणि ॲरिस्टोफेनिस ही दोन नावं जोडून केलेलं एक लांबलचक क्रियापद, ‘युरिपिडॲरिस्टोफेनिसणं’ म्हणा हवं तर. क्रॅटिनसची सगळी नाटकं हरवली, ‘सुरई’चेही तुकडेच उरलेत, पण तो शब्द उरलाय.

आणि ‘ढग’चं ते सुधारलेलं रूप त्या काळात कधी स्टेजवर आलं नाही, असं मानतात. रात्रीचा दिवा, जाड वात, मम्मान, सगळं आपण वाचतो ते त्याच प्रतीतून.